देवपूरच्या अंगणात न पडलेला थेंब

मंजुळाकाकू मोटारीत बसून पारोळ्याला परत आल्या आणि त्या मोटारीतून तेलाचा एक थेंबही जमिनीवर पडला नाही.

पण हे आधीच सांगायला नको होतं; असं काही झालेलं नाही. काकू देवपूरला माहेरीच आहेत आणि मोटार दारात गळते आहे, असं समजून पुढचं वाचावं.

मोटार रुपचंदनानांची. नाना म्हणजे माझे काका. नानांनी ती जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींकडून घेतली होती, शेटजींनी एका डॉक्टराकडून, डॉक्टराने एका साहेबाकडून, आणि साहेब ती देऊन विलायतेला निघून गेला होता. आता वाटतं, याचसाठी गेला असावा. मोटारीच्या बुडाशी इंजिनाच्या तेलाची पेटी असते. आमच्या मोटारीच्या त्या पेटीचा जोड इतका सैल होता, की मोटार जिथे उभी राहील तिथे काळं तळं होई. नाना म्हणत, मोटार मोकळ्या मनाची आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात काकूंनी अंगणात धोतर पसरून बिबड्या वाळत घातल्या होत्या. ज्वारीच्या, तीळ लावलेल्या पापड्या, मोजून तीनशे. नानांनी मोटार अंगणात वरच्या अंगाला लावली आणि जेवायला बसले. जेवून बाहेर आले तोवर तेल उतरत उतरत धोतरापर्यंत पोचलं होतं. दीडशे बिबड्या काळ्या पडल्या. एवढ्यावर निभावलं असतं. पण नाना म्हणाले, "अशाही तळताना तेल लागतंच."

काकू आखाजीला माहेरी गेल्या. सगळ्याच लेकी जातात. झोके घेतात, गाणी म्हणतात आणि परत येतात. काकू झोक्यावरच राहिल्या. महिना झाला. नाना स्वतः भाकरी थापू लागले. एकदा त्यांची भाकरी खाऊन आमचा बैल दोन दिवस विचारात पडला होता. नानांचं काकूंवाचून पानही हलत नाही, हे गावाला ठाऊक होतं. नानांना ते त्या महिन्यात कळलं.

शेवटी धुळ्याजवळच्या देवपूरहून सासऱ्यांचा, म्हणजे हिलालआबांचा, निरोप आला. तो निरोप्याने शब्द न शब्द सांगितला.

"मोटार मन्हा दारमा उभी करानी. जेवण व्हवापावत खाले एक थेंब जरी पडना, ते पोर धाडाव नही."

म्हणजे जेवण होईपर्यंत एक थेंब पडला तरी काकू माहेरीच. नानांनी लोटन मिस्तरीला बोलावलं. लोटन जिनातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि मोटारीला लहान जिन समजायचा. त्याने आधी जोडात चामड्याची पट्टी घातली. चामडं तेल प्यायलं आणि वर आणखी गळू लागलं. मग त्याने गूळ, चुना आणि उडदाचं पीठ कालवून जोडावर लिंपलं. या लेपाने विहिरी बांधतात, असं तो म्हणाला. विहिरीत पाणी आत यावं लागतं आणि इथे तेल बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, हा फरक मी त्याच्या कानावर घातला. त्याने मला पान्हा धरायला लावलं. लेप एक दिवस उत्तम टिकला. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी गूळ नेला.

तरी मुहूर्त ठरलेला होता. ज्येष्ठातल्या एका सकाळी नाना, लोटन आणि मी निघालो. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात तेल भरून घेतलं होतं. दर तीन मैलांनी नाना थांबायचे, लोटन तेल ओतायचा, आणि आम्ही तेच तेल रस्त्यावर सांडत पुढे जायचो. फागण्याला डबा संपला. लोटन म्हणाला, आत आहे थोडं, देवपूर गाठता येईल. नंतर काय, हे कोणी विचारलं नाही.

देवपूरला हिलालआबांनी तयारी ठेवली होती. अंगणात पांढरंशुभ्र धोतर अंथरलं होतं आणि चार शेजारी उकिडवे बसले होते. धोतर चाकांच्या मध्ये ठेवून मोटार उभी राहिली. नानांनी देवाचं नाव घेतलं आणि आत पानावर बसले. खापराचे मांडे आणि आमरस. नाना घास न चावता गिळत होते, म्हणजे जेवण लवकर आटपावं. सासूबाईंना वाटलं, जावई महिनाभर उपाशी आहेत. त्यांनी आणखी चार मांडे वाढले.

जेवण संपलं. हिलालआबा स्वतः मोटारीखाली सरपटत गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. बराच वेळ ते पाय हलले नाहीत. मग आबा बाहेर आले, धोतर उचलून शेजाऱ्यांना दाखवलं. पांढरंशुभ्र. आबांनी नानांच्या पाठीवर थाप मारली आणि आत हाक दिली. काकू ट्रंक घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या.

त्याच वेळी लोटनचा चेहरा उतरला. तो नानांच्या कानाशी गेला.

"नाना, थेंब कोठेन पडी? आत काहीच नही शे."

आता तेल हवं होतं आणि मागायची सोय नव्हती. नानांना युक्ती सुचली. ते सासूबाईंना म्हणाले, उन्हाने डोकं तापलंय, थोडं तेल मिळेल का. सासूबाईंनी मायेने ओंजळभर तेल आणलं आणि नानांच्या टाळूवर थापलं. लोटननेही डोकं पुढे केलं, मीही केलं. तिघांच्या डोक्यांवर मिळून पावशेर तेल जमा झालं, पण मोटारीच्या पोटात नेण्याचा मार्ग नव्हता.

निघावं लागलं. मोटारीने पांझरेचा पूल ओलांडला. पलीकडच्या काठावर इंजिनातून जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज आला, एक आचका बसला आणि सगळं शांत झालं. लोटनने टोपी काढली.

काकूंनी सगळं ताडलं होतं. त्या खाली उतरल्या नाहीत.

"थेंब काबर पडना नही?"

 नाना समोर बघतच म्हणाले, "तेलच नव्हतं, ते थेंब कोठेन पडी."

मागे नदीपलीकडे देवपूर दिसत होतं. दहा मिनिटांची वाट. काकू तिकडे बघत होत्या. नाना काकूंकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरून सासूबाईंचं तेल ओघळत होतं. ते टिपायलाही त्यांनी हात उचलला नाही. काकूंनी ट्रंक मांडीवरून सीटवर ठेवली.

"मी मोटारमा बसीसन निंघनू, मोटारमाच बसीसन घर जासू. बैल आना."

बैल फागण्याच्या सुकदेवभाऊंचे मिळाले. पारोळ्याला पोचायला दोन दिवस लागले. नाना चक्र धरून बसले होते आणि वळणावर आपल्याच बैलांना भोंगा वाजवत होते. काकू छत्री उघडून गावोगावच्या बायांशी बोलत होत्या. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. मोटार इतकी चांगली असते हे आपल्याला आजवर कोणी सांगितलं नाही, असं त्या मुक्ती गावच्या पाटलिणीला म्हणाल्या.

घरी आल्यावर काकूंनी निकाल दिला. त्या राहतील. मोटारही अंगणात राहील, बिबड्यांच्या शेजारी. तिच्यात तेल मात्र आयुष्यात पडणार नाही. नानांनी एका दमात कबूल केलं, आणि रात्रभर विचार करून सकाळी मला दौत-टाक घेऊन बसवलं. अर्ज त्यांनी सांगितला, अक्षर माझं आहे:

मेहेरबान कलेक्टरसाहेब, पूर्व खानदेश आणि मेहेरबान कलेक्टरसाहेब, पश्चिम खानदेश, यांचे सेवेशी. अर्जदार रुपचंद, राहणार पारोळा, विनंती अर्ज करतो की, अर्जदाराची मोटार घरगुती कारणास्तव इंजिनावाचून चालवणे भाग आहे. तरी दोन्ही जिल्ह्यांच्या संमतीने पारोळा ते धुळे हा रस्ता जाताना आणि येताना, असा दोन्ही वेळा उताराचा करण्यात यावा, आणि हे काम पुढच्या आखाजीपूर्वी पुरे करण्याचा हुकूम व्हावा.