मंजुळाची सव्वा मूठ

मित्रांनो, मी पिंपळनेरचे एक जुने जाते आहे. बालघराच्या अंगणात ज्या गोल दगडावर बसून तुम्ही बोरे खाता ना, तो दगड म्हणजे मीच.

मला डोळे नाहीत. तोंडात जे पडेल त्यावरून मी घर ओळखते, आणि बाकीचे कान देऊन ऐकते. चौकसपणा ही माझी जित्याची खोड आहे.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि सुंदरबाईच्या लग्नात मी या घरी आले. पुढे तिचे यजमान लोटनभाऊ गेले. मूलबाळ नव्हते. माझ्या तोंडी एकटीपुरती ज्वारी पडू लागली. फार वाईट दिवस होते ते. मग नव्वद सालच्या आसपास अचानक ज्वारी वाढली. घरात इवली पावले धावू लागली, रडणे-भांडणे ऐकू येऊ लागले. हे कोण आले बुवा? मला राहवेना.

हळूहळू उलगडा झाला. सुंदरबाईने आमच्या कानबाई देवीला शब्द दिला होता, 'माय, हे घर आता तुझे. यात बिनघराची लेकरे राहतील.' आईबाप सांभाळू शकत नाहीत अशी मुले सरकार दुसऱ्याच्या घरी सांभाळायला देते, तशी ती आली होती. पण धुळ्याच्या साहेबांनी अट घातली होती. "बाई, तुमचे भाऊबंद पाठीशी असतील तरच मुले इथे राहतील. उद्या तुम्हाला काही झाले तर त्यांना कोण बघेल?" श्रावणात कानबाईच्या दिवशी ते स्वतः बघायला येणार होते.

आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन सव्वा मूठ गहू जात्यात टाकतात. ते पीठ उंबऱ्याबाहेर जात नाही, फेकूनही देत नाहीत, आणि रोट भाऊबंदांशिवाय कोणी खात नाही.

थोरले दीर धनसिंग आबा आदल्या दिवशीच बजावून गेले. "सुंदरबाई, पोरे सांभाळ, मना नकार नही. पन रोट परकासले देवाना नही. देशी तं आम्ही भाऊबंद तुन्हा उंबरामा पाय ठेवसूत नही."

इकडे आड, तिकडे विहीर! रोट दिला तर भाऊबंद तुटणार, न दिला तर घरचीच लेकरे परकी ठरणार.

सकाळी तिने मला धुतले, स्वतःच्या आणि भाऊबंदांच्या नावाच्या मुठी टाकल्या आणि डाळ बघायला आत गेली. तेवढ्यात माझ्या तोंडात एक अगदी चिमुकली मूठ पडली. अर्धे गहू बाहेरच सांडले. "मंजुळा," नव्या लेकरांतल्या एका मुलीने स्वतःचेच नाव घेतले. मग त्याच हाताने एकेका भावंडाचे नाव घेत मुठी टाकल्या. सुंदरबाई परतली आणि तिने मुकाट्याने खुंटा धरला. तिने आतून ऐकले होते का? मला हे कोडे आजही सुटलेले नाही.

आबा आले तेव्हा मंजुळा आनंदाने म्हणाली, "आबा, आम्हनी बी मूठ टाकी!"

माझे फिरणे थांबले. आबा वाकले. सगळ्या मुठींचे मिळून झालेले माझ्या कडेचे चिमूटभर पीठ त्यांनी बोटांत चोळले, बराच वेळ चोळले.

"बठ्ठं पीठ एक व्हयी गयं," ते शेवटी म्हणाले. "आते तिन्हं कोनतं नि आपलं कोनतं, कोन निवाडी?"

दुपारी आबांनी स्वतः मुलांना पंगतीत बसवले. साहेब खूश झाले. त्यांना मात्र रोट मिळाला नाही. ते परके ना!

पुढे आमच्या घरचे दळणही विजेच्या गिरणीत जाऊ लागले आणि मी अंगणात पडले; कानबाईचे दळण तेवढे माझ्यावर राहिले. काही मुले आपल्या आईबापांकडे परत गेली, नवी आली आणि घराला सगळे बालघर म्हणू लागले. आबांचे मुलगे सुरतला गेले ते तिकडचेच झाले. एका श्रावणात काठी टेकत आबा एकटेच आले आणि दाराशी थबकले.

"मन्ही मूठ पडनी का व, पोरी?"

"पडनी ना, आबा," मोठी झालेली मंजुळा म्हणाली. "बठ्ठास्ना आगोदर तुमनीच टाकी."

आबांनी काठी दाराशी टेकवली आणि उंबरा ओलांडला.

तर मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा, पण बोरांच्या बिया माझ्या तोंडात टाकू नका. श्रावणात मला स्वच्छ धुवा. आणि दारात नवे मूल आले, की आधी त्याचे नाव विचारा आणि त्याच्या हाताने माझ्यात मूठ टाकू द्या. पीठ झाल्यावर कोणाला वेगळे काढता येत नाही.