एकशेवीसचा हात

आमच्या वर्कशॉपमध्ये मला कुणी नावाने हाक मारत नाही. काका, म्हणजे आमचे मालक, मला ‘एकशेवीस’ म्हणतात. सहा वर्षांपूर्वी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याच्या नळीवर बीपी मोजलं आणि खूश होऊन म्हणाले, “एकशेवीस-ऐंशी! पुस्तकात छापावा असा हात आहे पोरी तुझा.”

आम्ही बीपीची काट्याची मशीनं दुरुस्त करतो. नियम असा की दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन पाऱ्याच्या नळीला जोडायचं आणि दोन्हीकडे एकच आकडा येतो का ते बघायचं. पण ती नळी काचेच्या कपाटात. तिचे रबरी पाइप जोडा, कुठे हवा गळतेय का बघा, यात पंधरा मिनिटं जातात. माझा हात मात्र कायम माझ्याजवळ असतो. पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा, कानाला स्टेथोस्कोप लावायचा. एकशेवीस आलं की मशीन पास. जास्त आलं तर आतला बारीक स्क्रू फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं. काकांना हे माहीत होतं. “घरचंच माप आहे,” म्हणायचे.

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. मी महिन्यापूर्वी दुरुस्त करून दिलेलं मशीन त्यांनी टेबलावर आपटलं.

“हे कमी दाखवतंय.”

“शक्यच नाही. मी स्वतः तपासलंय.”

“पेशंटचं डोकं ठणकतंय आणि तुमचं मशीन म्हणतंय सगळं छान. दुसऱ्या मशीनवर तेच एकशेसाठ येतंय.”

“मग ते दुसरं बिघडलं असेल.”

मला राग पटकन येतो. मोजता येत नाही आणि मशीनला नावं ठेवतात, नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणत मी मान चोळत बसले. मान हल्ली रोजच दुखायची. दिवसभर वाकून काम, दुसरं काय!

 काकांनी कपाट उघडलं, नळी काढली, पाइप जोडले, फुगा दाबला. पारा एकशेसाठवर गेला. सिस्टरांच्या मशीनचा काटा एकशेअठ्ठावीसवर थांबला.

“स्क्रू कुणी फिरवला?”

“मी. जास्त दाखवत होतं.”

“कशावरून?”

मी नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. काका त्या हाताकडे बघतच राहिले.

“इकडे बस बघू.”

“आत्ता नको. तीन चहा झालेत, त्यात या सिस्टरांनी डोकं फिरवलंय.” मी हसले. वर्षभर येईल ते मशीन जास्तच दाखवत होतं. मी म्हणत होते, हल्ली स्प्रिंगाच हलक्या प्रतीच्या येतात. अठ्ठाविसाव्या वर्षी कुणाला बीपी असतं? बीपी म्हणजे मावशा, मामा, निवृत्त माणसं, रविवारी गोळ्यांचा डबा भरणारी माणसं.

गोळ्यांचा डबा आईकडेही होता.

आईचं मशीन मीच लावून दिलं होतं, दोन महिन्यांपूर्वी.

आई दर आठवड्याला मोजायची आणि फोनवर कौतुकाने आकडा सांगायची. कधी एकशेपस्तीस, कधी एकशेअडतीस. मग तिने आपल्या मनानेच गोळी अर्धी केली. आणि मी काय म्हणाले? “कर की. मशीन खोटं बोलतं का?”

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. काकांनी नळीवर जुळवलेलं एक मशीन माझ्या हातात कोंबलं आणि “जा” एवढंच म्हणाले. रस्ता फक्त वीस मिनिटांचा, पण प्रत्येक सिग्नल माझ्यावर सूड उगवत होता. मी मोजून सात वेळा फोन लावला. बंद दारामागे जमिनीवर पडलेली आई मला लख्ख दिसत होती, आणि तिच्या शेजारी टेबलावर माझं ते आज्ञाधारक मशीन.

दार तिनेच उघडलं. अंगावर ओला टॉवेल होता.

“अगं, अंघोळीला गेले होते. काय झालं? पडलीस का कुठे?”

मला तिच्यावरच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तिला खुर्चीत बसवलं, पाच मिनिटं गप्प राहायला लावलं आणि पट्टा बांधला. फुगा दोनदा हातातून सुटला. एकशेअडुसष्ट. खालचं एकशेसहा. दुसऱ्यांदाही तेच.

“परवापासून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत,” आई म्हणाली. “पण मशीन बरं सांगत होतं, म्हणून तुला कळवलं नाही. म्हटलं, तू एवढं जपून लावलंयस.”

डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी तिची गोळी पुन्हा पूर्ण केली, रक्त-लघवी तपासायला पाठवली, तासभर झोपवून ठेवलं. “अजून महिनाभर असंच चाललं असतं तर अवघड होतं,” त्या म्हणाल्या. मी तिचे पाय चेपत बसले होते. तेवढ्यात आई उठून बसली.

“डॉक्टर, हिचंही बघा.”

“माझं कशाला? मी ठीक आहे.”

“मला बीपी कितव्या वर्षी लागलं, माहितीये? एकतिसाव्या. तू चालायला शिकत होतीस. मीही सगळ्यांना हेच सांगायचे, मी ठीक आहे.”

हे मला माहीत होतं, तरी कधी कळलं नव्हतं. आई माझ्या लेखी जन्मापासूनच आई होती. एकतीस वर्षांची ती मला दिसलीच नव्हती.

मी बाही वर केली. मशीन तपासताना करते तशीच. डॉक्टरांनी दोन्ही हातांवर मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं.

“दीडशे-शंभर. कधीपासून आहे, हे आता सांगता येणार नाही.”

मला सांगता येणार होतं.

वर्कशॉपमध्ये प्रत्येक मशीनच्या चिठ्ठीची दुसरी प्रत भिंतीवरच्या तारेत टोचलेली असते. दुपारी मी ती तार खाली काढली. मागच्या मार्चमधली पहिली चिठ्ठी: ‘चार जास्त दाखवत होतं, दुरुस्त केलं.’ मे: सात. ऑगस्ट: अकरा. त्यानंतर सोळा, एकवीस, तीस. सगळं माझ्याच अक्षरात, खाली माझी सही. एकूण त्र्याऐंशी चिठ्ठ्या.

काका समोर बसले होते. “चूक माझी आहे गं. माणसाच्या हाताला कधी माप करायचं असतं का?” मला त्यांनी एकशेवीस म्हटलं नाही.

मी फोन जवळ ओढला आणि पहिल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. फोन एका आजोबांनी उचलला.

“आजोबा, तुमचं बीपीचं मशीन परत आणून द्या. आणि तोवर त्यावर विसंबून गोळी कमी करू नका.”

“का? पुन्हा बिघडलं का ते?”

“नाही,” मी म्हणाले. “तुम्ही दिलंत तेव्हा ते बरोबर होतं.”