मे महिन्यातलं धुकं

मी संशयी आहे. गावात कुणालाही विचारा. नवरा परदेशात असलेल्या बाईनं संशय घेऊ नये तर काय करावं?

माझा नवरा धनेश कॅनडात, उत्तरेकडच्या एका गोठ्यावर कामाला होता. दीडशे गाई, दोन वर्षांचं काम. जानेवारीत त्यानं फोनवर उकळतं पाणी हवेत फेकून दाखवलं. ते खाली पडायच्या आत बर्फाचा भुगा झाला. उणे चाळीस, म्हणाला. पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. आमच्या साखरशेत गावात थंडी म्हणजे फार तर शेकोटीपुरती. सासू रुपीनं त्या दिवशी पोराच्या काळजीनं भाकरी खाल्ली नाही. मीही सगळं खरं मानलं.

मे महिन्यात मी शेतावर राब भाजत होते. भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून ते आधी जाळावं लागतं. त्या दिवसांत आमच्या डोंगरांवर जिकडे तिकडे धूर असतो. सकाळी आठला धनेशचा फोन आला. अंगात बनियन, घामानं निथळलेला. मागे पिवळट आभाळ, तांबडा सूर्य, आणि जमिनीला चिकटून सरकणारा धूर. माझ्या मागे होता अगदी तसाच.

"तिकडं रात्र ना आता?" मी विचारलं.

"साडेआठ झालं. उन्हाळ्यात इकडं सूर्य उशिरा बुडतो."

"आन् हा धूर?"

"धूर नाय. धुकं हाय."

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली. शब्द कळले नाहीत, पण आवाज बाईचाच होता. त्यानं घाईनं फोन ठेवला.

एवढा घाम आणि म्हणे धुकं. मला काय खुळी समजतो? आठवड्यापूर्वी शेजारची चंदा म्हणाली होती, खोडाळ्याच्या बाजारात धनेशसारखाच माणूस पाठमोरा दिसला. तेव्हा मी तिला उडवून लावलं होतं. आता सगळं जुळलं. हा बर्फाच्या देशातून कधीच परत आला होता आणि इथेच कुठल्या तरी पाड्यावर कुणाच्या तरी वावरात राब भाजत होता. पुढच्या बाजाराला मी जीप धरून खोडाळ्याला गेले आणि दिवसभर परक्या पुरुषांच्या पाठी बघत फिरले. धनेश काही सापडला नाही. संशय मात्र गेला नाही. लपणारा माणूस बाजारात कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला बोलूच दिलं नाही.

"कुणाच्या वावरात हायस? तिचं नाव सांग."

"वर्षा, ऐक तरी—"

मी फोन बंद करून भाताच्या कणगीत टाकला. दोन दिवस बाहेर काढला नाही. सासूनं विचारलं तर सांगितलं, बिघडलाय.

तिसऱ्या दिवशी जव्हारहून हर्षल मोटारसायकलवर आला. धनेशचे कॅनडाला जायचे सगळे फॉर्म यानंच भरले होते.

"वहिनी, फोन का बंद आहे? धनेशच्या भागात जंगल पेटलंय. यंदा बर्फ लवकर वितळलं, मेमध्येच कडक उन्हाळा. गावंच्या गावं रिकामी करतायत."

मी कणगीत हात घालून फोन शोधला. चालू केला. त्याचे अकरा कॉल येऊन गेले होते, आणि आवाजाचा एक निरोप होता. दोन दिवसांपूर्वीचा.

"वर्षा, आई घाबरेल म्हणून धुकं बोललो. वणवा हाय. ती बाई गोठ्याची मालकीण, आग बघून ओरडली. न्यायला गाडी आलीय, सगळे बसलेत. तू असं समजून बसलीस तर मला नाय जाववत. एकदा उचल, मग मी बसतो."

मी फोन लावला. चौथ्यांदा त्यानं उचलला. कुठल्याशा शाळेत, खाटेवर बसला होता. चेहरा धड होता. हसलाही.

"बरा हाय मी. तू जेवलीस?"

फोन त्यानं डाव्या हातात धरला होता. हा माणूस डाव्या हातानं साधा पेलाही उचलत नाही.

"दुसरा हात दाखव," मी म्हटलं.

"नेटवर्क जातंय गं."

"उजवा हात, धनेश."

त्यानं हळूच हात वर घेतला. कोपरापर्यंत पांढरी पट्टी होती.

"गाडी तरी किती थांबणार," तो म्हणाला. "गेली ती. मग मी चालत निघालो."