लाल रेघेवरचा घोट

मी ग्लास. साधा, काचेचा, पाणी प्यायचा. दर शनिवारी संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर मास्तरांच्या उजव्या हाताशी दिसायचा, तो मीच. ओळखलंत? नसेल ओळखलं तर राहू द्या. मला एवढी ओळख मिळाली, त्याचंच आता वाईट वाटतं.

भट्टीतून निघालो तेव्हा एका खोक्यात आम्ही सहा भाऊ होतो. मास्तरांच्या बायकोने आम्हाला घरी आणलं आणि वर्षभरात पाच जण मोरीत आपटून गेले. उरलो मी एकटा. त्याच सुमारास मास्तरांनी शाळेतली नोकरी सोडली आणि टीव्हीवर कार्यक्रम सुरू केला. आठवडाभर पुढाऱ्यांनी जे काही बोलून ठेवलं असेल त्याची खिल्ली उडवायची, अर्धा तास, थेट प्रक्षेपणात. तिथे पाणी कागदी कपातून द्यायचे. "कपाला वास मारतो गं," अशी मास्तरांची कुरकुर सुरू झाली, तेव्हा बाईंनी मला फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "हा एकच राहिलाय. फोडून आलात तर याद राखा!"

स्टुडिओत मला धुवायचं काम मेकअपवाल्या मावशींनी आपणहून घेतलं. मास्तरांच्या टकलावर पावडर थापायची आणि मग मला घासून दिव्यासमोर धरून बघायचं, हा त्यांचा नेम. "मास्तर, डोकं आणि ग्लास दोन्ही चकचकीत केलंय, जा आता," असं म्हणून त्यांना बाहेर पिटाळायच्या.

आता पट्टीसाहेबांबद्दल सांगतो. हे चॅनेलचे तपासणारे साहेब. कार्यक्रमाचा कागद शनिवारी दुपारी त्यांच्या टेबलावर जायचा. माणूस अतिशय सभ्य, आवाज कधी चढायचा नाही. नको असलेल्या वाक्यावर ते लाल रेघ मारायचे, तीही पट्टी ठेवून, सरळ. म्हणून सगळे त्यांना मागे पट्टीसाहेब म्हणायचे. कार्यक्रम चालू असताना ते काचेपलीकडे बसत. समोर एक बटण असे. मास्तर भलतं काही बोलले की बटण दाबायचं आणि जाहिरात सुरू.

पहिल्याच वर्षी एका शनिवारी रेघा फारच पडल्या. बोलता बोलता मास्तर एका रेघेपाशी आले आणि अडकले. पुढचं वाक्य नाही, घशाला कोरड. त्यांनी मला उचललं, एक घोट घेतला आणि कॅमेऱ्याकडे नुसतं बघत राहिले. समोरच्या प्रेक्षकांत एक आजीबाई होत्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्या खुदकन हसल्या. मग शेजारची बाई हसली, मग सगळं सभागृह. त्या क्षणापासून घोट म्हणजे कापलेलं वाक्य, हे न सांगता सगळ्यांना समजलं.

काय दिवस होते ते! मास्तर दुकानात गेले की दुकानदार आधी पाणी पुढे करायचा, "घ्या मास्तर, एक घोट." शाळेतली पोरं उत्तर आलं नाही की बाटली तोंडाला लावायची. मी तर इतका फुगलो होतो की विचारू नका. मास्तरांच्या शब्दांपेक्षा माझ्यावर जास्त हशा येतो, हे मला कळत होतं आणि आवडतही होतं.

ते मास्तरांनाही कळत होतं. घोळ झाला तो तिथे.

मास्तर कार्यक्रमाचा कागद आधी बाईंना वाचून दाखवत. त्या भाजी निवडत ऐकायच्या, आणि त्यांचा हात थांबला की विनोद जमला असं मास्तर धरून चालायचे. पाचसहा वर्षांनी एकदा कार्यक्रम संपवून आम्ही घरी आल्यावर बाईंनी विचारलं, "त्या तिसऱ्या घोटाला काय कापलं होतं हो?"

"काही नाही."

"मग प्यायलात कशाला?"

"लोक हसतात ना!"

बाई ताटं घ्यायला उठल्या. त्यानंतर कागद आखूड होत गेला. लिहायला कष्ट पडतात, घोटाला पडत नाहीत. कुणीतरी वरून विचारलं म्हणे, की तो ग्लास काढून का टाकत नाही? पट्टीसाहेब माझ्यासमोरच फोनवर म्हणाले, "असू द्या की. लोक हसतात, टीव्ही बंद करतात आणि जेवायला बसतात. आपल्याला काय त्रास आहे?" मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

नवव्या वर्षी मावशींची नात आजारी पडली. सात वर्षांची पोर, आठ दिवस दवाखान्यात. त्यांच्या वस्तीत नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळत होतं. घरोघरी पोरं जुलाबांनी झोपली होती, आणि मंत्री टीव्हीवर छातीठोकपणे सांगत होते की पाणी शुद्ध आहे. मावशींनी पावडरचा डबा बाजूला ठेवला.

"मास्तर, नऊ वर्षं तुमच्या तोंडाला रंग लावतेय. कधी काही मागितलं का? एक वाक्य बोला आमच्या पाण्यावर. तुमचं सगळे ऐकतात."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात ते खरोखर लिहायला बसले. शनिवारी सकाळी त्यांनी बाईंना वाचून दाखवलं, "मंत्री म्हणतात, हे पाणी शुद्ध आहे. मग उद्यापासून मंत्र्यांच्या बंगल्यावर हेच पाणी सोडा, आणि तब्येत कशी आहे ते आठ दिवसांनी विचारा." बाईंचा हात थांबला. "बऱ्याच दिवसांनी लिहिलंत," त्या म्हणाल्या.

पट्टीसाहेबांनी पहिलं वाक्य ठेवलं. मंत्र्यांचंच वाक्य ते, त्याला कशी रेघ मारणार? दुसऱ्यावर मात्र पट्टी ठेवून सरळ लाल रेघ.

"तरी मी बोलणार," मास्तर मावशींना म्हणाले. "त्यांचं बटण दाबून होईपर्यंत माझं वाक्य संपलेलं असेल. मग नोकरी गेली तर गेली."

मावशींनी वस्तीतल्या नळाच्या पाण्याची बाटली आणली होती. ती त्यांनी माझ्यात ओतली. पाणी दिसायला बऱ्यापैकी स्वच्छ होतं, वास मात्र नको म्हणावा असा. मास्तरांनी मला कॅमेऱ्यासमोर धरून ती दोन वाक्यं बोलायची, असं ठरलं. "पिऊबिऊ नका हं!" मावशी हसत म्हणाल्या. "वेडबिड लागलंय का मला!" मास्तरही हसले. मला त्यांचं ते हसणं अजून आठवतं.

आठ वाजले. मास्तरांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि कुठल्या वस्तीतलं पाणी आहे ते सांगितलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "मंत्री म्हणतात, हे पाणी शुद्ध आहे."

काचेपलीकडे पट्टीसाहेबांचं बोट बटणावर गेलं. मास्तरांनी ते बघितलं. मग नजर खाली कागदावर आली, तिथे लाल रेघ होती. नऊ वर्षं त्या रेघेपाशी त्यांचा हात एकच काम करत आला होता. पुढे काय होणार ते मी ओळखलं आणि मनात ओरडलो, अहो मास्तर, नको! पण ग्लासाचं कोण ऐकतं? त्यांनी मला ओठाला लावलं आणि एक घोट घेतला.

सभागृह हसून लोळलं. नऊ वर्षांत तेवढा हशा कधी आला नव्हता.

त्या हशात दुसरं वाक्य तसंच राहिलं आणि मास्तर पुढच्या विषयाकडे वळले. पट्टीसाहेबांनी बटणावरचं बोट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चॅनेलवर तेवढाच तुकडा फिरत होता. मंत्री हात जोडून म्हणाले, "आमच्यावर सदा टीका करणाऱ्यांनीही पाणी पिऊन दाखवलं. आता तरी विश्वास बसला ना?"

मास्तर चार दिवस पोट धरून अंथरुणात होते. बाई वैतागून म्हणाल्या, "सांगा ना लोकांना! पाण्याने पोट बिघडलं, एवढंच सांगा. अजून वेळ गेली नाही." चॅनेलने मात्र मास्तरांना सर्दी झालीय, असं लोकांना कळवलं होतं. पुढच्या शनिवारी मास्तर स्टुडिओत गेले. त्या दिवशी पट्टीसाहेबांना पट्टी काढावी लागली नाही, कारण रेघ मारण्यासारखं कागदावर काही नव्हतंच.

मावशींनी नेहमीसारखी पावडर लावली. नंतर मला तीन वेळा घासलं. "नात बरी आहे," त्या म्हणाल्या. "शेजारचं तान्हं बाळ गेलं परवा. आम्ही पाण्याच्या कचेरीत तक्रार घेऊन गेलो, तर तिथल्या साहेबाने मोबाईलवर तुम्हाला दाखवलं, पाणी पिताना. मास्तर, तुम्ही घाबरलात त्याचा राग नाही मला. लोक हसले ना, ते फार लागलं." मला पालथा घालून त्या गेल्या आणि पुन्हा कधी कामावर आल्या नाहीत.

कार्यक्रम पुढे वर्षभर चालला. तो कुणी बंद पाडला नाही. लोकांनाच कंटाळा आला.

आता मी घरी, मास्तरांच्या खोलीतल्या खिडकीत असतो. काठाला एक टवका उडालाय. माझ्यातून कुणी पाणी पीत नाही, पण बाई मला टाकूनही देत नाहीत. शनिवारी आठ वाजले की मास्तर खुर्चीत ताठ बसतात आणि समोरच्या भिंतीला ते दुसरं वाक्य ऐकवतात. अडखळत नाहीत, घाबरत नाहीत. पुरते सात सेकंद लागतात. स्वयंपाकघरात बाई नळ बंद करून ऐकतात. मग मास्तर हशासाठी थांबतात. हशा येत नाही, तेव्हा त्यांचा हात माझ्याकडे येतो आणि मी रिकामा असतो.

तुम्हाला कुणासाठी काही बोलायचं राहिलं असेल, तर माझ्यासारख्याला हाताशी घेऊन बसू नका. घशाला कोरड पडली तर पडू द्या, आधी बोलून टाका. पाणी काय, नंतरही पिता येतं.