सांगून सोडलेली फळी

मी एक जुनी फळी आहे, पोहायला शिकवण्याची. मित्रांनो, तलावाच्या काठावर तुम्ही अशा फळ्यांची चळत पाहिली असेल. त्यातली सगळ्यांत खालची, फिकट निळी, कोपऱ्यावर दातांच्या खुणा असलेली, ती मी. मला बुडता येत नाही. तरीही माझा जीव सदा टांगणीला लागलेला असतो, कारण जो मला धरतो त्याला बुडता येतं.

कारखान्यात फोमच्या जाड तक्त्यातून मला कापलं, माझ्या कडा गोल केल्या आणि भावंडांबरोबर गठ्ठ्यात बांधून इथे धाडलं. आमचा तलाव छपराखालचा आहे. फरशी कायम ओली, हवेत क्लोरीनचा वास आणि समोरच्या भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ. त्या घड्याळाने माझी झोप उडवली आहे. का ते सांगते.

इथे शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांनी फक्त लहान मुलांना शिकवलं आणि त्यांची एक ठरलेली युक्ती होती. मूल मला धरून पाय मारत निघालं की ताई पाण्यातून त्याच्या बाजूने चालत विचारायच्या, "बघ बरं, घड्याळात किती वाजले?" मूल छोटा काटा, मोठा काटा करत बसायचं. त्याची पकड सैल व्हायची आणि ताई मला हळूच काढून घ्यायच्या. मूल आपल्याच नादात थोडं पुढे पोहून जायचं. मग त्याच्या लक्षात यायचं आणि ते खिदळत काठावर यायचं. "ताईंनी मला फसवलं," हे आईला दहादा सांगायचं, तेही मोठ्या कौतुकाने. ताई माझी पाठ थोपटायच्या. मी मात्र दर वेळी त्या मुलाकडे डोळे लावून असायचे. एका पठ्ठ्याने तर हात सुटताच मला दातांनी धरलं होतं. खुणा त्याच्याच आहेत.

पुढे मोठ्यांचा वर्ग सुरू झाला. त्यात केस कापण्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आले. सगळे त्यांना सलूनवाले म्हणत. त्यांची दुसरीतली मुलगी आमच्याच मुलांच्या वर्गात होती. एकदा तिचा पाय काठावरून घसरला होता. ताईंनी लगेच उडी मारून तिला वर काढलं, पण तेवढ्या वेळात वडील बूट घालून काठावर नुसते उभे राहिले होते. आता तिला खोल पाण्यात न्यायची वेळ आली होती.

"मला पोहता आलं तरच तिला खोलात जाऊ देईन," ते ताईंना म्हणाले. "नाहीतर तिचं नाव काढतो. परत तसं उभं राहणं मला जमणार नाही."

मुलं विचारतात, खेळायचं कधी? सलूनवाले विचारत, पाणी किती खोल आहे, नाकात गेलं तर काय करायचं, पाय कुठे टेकतात? बाकीच्यांसमोर घाबरलेलं दिसू नये म्हणून ते उगाच हसत. मला मात्र असं आवळून धरत की माझ्या अंगावर त्यांच्या बोटांचे खळगे पडले. या माणसाचं कसं होणार, या काळजीने मी अर्धी झाले होते.

आणि एके दिवशी ताईंनी विचारलं, "घड्याळात किती वाजले हो?"

मला पुढचं कळून चुकलं, पण मला तोंड कुठे आहे? त्यांनी वर पाहिलं, ताईंनी मला ओढलं आणि सलूनवाले गपकन खाली गेले. पाणी जेमतेम छातीइतकं होतं, नुसते उभे राहिले असते तरी पुरे होतं. पण भीतीपुढे अक्कल चालत नाही. ताईंनी त्यांना धरून उभं केलं.

"मी रोज लोकांच्या गळ्याला वस्तरा लावतो," ते खोकत म्हणाले. "लावायच्या आधी सांगतो, आता हलू नका. म्हणून लोक मान पुढे करतात. तुम्ही मला सांगितलंत का?"

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मुलगीही आली नाही. तिची टोपी खुंटीवर तशीच लटकत होती आणि मी चळतीत पडल्या पडल्या दाराकडे पाहत होते. ती पोर आता पाण्याला कायमची मुकली, असंच मला वाटत होतं. ताईही त्या दिवशी घड्याळाचं नाव न काढता शिकवत होत्या. संध्याकाळी त्या स्वतः सलूनमध्ये जाऊन आल्या, असं नंतर कळलं.

काही दिवसांनी बापलेक हात धरून आत आले.

"बाबा, मलाही फसवलं होतं. मला तर मज्जा आली," मुलगी म्हणाली.

"तुला पाण्याची भीती माहीत नाही, बाळा. मला माहीत आहे."

ताई पाण्यात उतरल्या. "चुकलंच माझं. पोरांना आधी सांगितलं की ती घाबरतात. तुम्ही न सांगितल्यामुळे घाबरलात. आता फळी कधी सोडायची ते तुम्ही ठरवा. मी हात लावणार नाही."

सलूनवाल्यांनी ठरवायला फार दिवस घेतले. आधी तळ पायांनी चाचपला, मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडले, मग मुद्दाम नाकात पाणी जाऊ दिलं. ताई न कंटाळता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. मुलगी काठावर बसून पाय हलवत वाट पाहत असे. माझा धीर मात्र रोज सुटे.

मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, मी तडकते. माझ्यावर बसू नका, दात तर मुळीच लावू नका. आणि एखादं मोठं माणूस काही नवं शिकताना कशाला तरी घट्ट धरून बसलेलं दिसलं, तर हसू नका. ते हिसकावूनही घेऊ नका. त्याला विचारा.

कारण शेवटी एका सकाळी सलूनवाले माझ्यासह निघाले, मध्येच थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंकडे नाही, मुलीकडे नाही, माझ्याकडे. आजवर शेकडो हातांतून मी सुटले होते, प्रत्येक वेळी गुपचूप.

"सोडतो हं आता," ते मला म्हणाले.

आणि बोटं एकेक करून उचलत ते माझ्याशिवाय काठाकडे निघाले. तिथे त्यांची मुलगी दोन्ही हात पुढे करून बसली होती.