दोन बोटांची फट

ही गोष्ट १९९८ सालची. नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांना पोलादी कवच चढवायचं ठरलं आणि ते काम ताईच्या गळ्यात पडलं. तिला घरात, कचेरीत, कामावर सगळे ताईच म्हणत, जन्मदाता बापसुद्धा. आणि पूल त्या बापाचाच होता. तीस वर्षांपूर्वी बाबांनी तो उभा केला होता. बैठकीच्या खोलीत त्याचा फोटो ताईच्या लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा लावलेला होता.

"माझ्या खांबांना पोटपट्टे?" बाबांनी चष्मा काढला. "बाळंतीण आहेत का ते?"

"तुम्ही बांधलेत तेव्हा भूकंपाचा विचार कोणी करत नव्हतं, बाबा. आतल्या सळ्यांभोवतीच्या रिंगा फार विरळ आहेत. जमीन हलली, तर काँक्रीट फुटून बाहेर येईल. कवच त्याला आवळून धरेल."

"तीस वर्षांत एकदा तरी हललेत?"

"जमीन हलली नाही म्हणून."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघं बापलेक पुलाखालीच राहायला जा. जेवणाचा डबा मी पाठवीन."

काम सुरू झालं. पोलादी पत्र्याचे दोन अर्धगोल खांबाभोवती आणायचे, वेल्डिंग करून जोडायचे आणि मधल्या पोकळीत पातळ सिमेंट ओतायचं. मुकादमाला ताईने पहिल्याच दिवशी बजावलं, "कवच पायाला टेकता कामा नये. तळाशी दोन बोटं फट मोकळी हवी. धक्का बसला की खांब तिथे थोडा वाकेल. फट बुजवलीत तर कवच पायावर रेटेल आणि पायाच फुटेल."

मुकादम बाबांच्या हाताखाली म्हातारा झालेला. त्याने मान डोलावली. "पण ताई, आखूड पायजमा घातल्यासारखे दिसतायत हो."

"दिसू देत. त्यांना काय वरात काढायचीय?"

काम संपल्यावर ताईने प्रत्येक खांबापाशी वाकून फटीत बोटं घालून पाहिली, सही केली आणि दुसऱ्या शहरातल्या पुलाच्या कामावर निघून गेली.

दोन दिवसांनी उद्घाटन होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पूल बघायला गेले. त्यांनी उभ्या जन्मात कुठे फट ठेवली नव्हती. नख जाईल एवढी भेग दिसली तरी ते गवंड्याला दिवसभर फैलावर घेत.

"हे अर्धवट कुणी सोडलं?"

"ताईंनी सांगितलंय, साहेब," मुकादम म्हणाला.

"ताईला मी शिकवलं, की ताईने मला? पाहुणे येतील, फोटो निघतील. घमेलं आण."

रस्त्यालगतचे चार खांब त्यांनी उभं राहून बुजवून घेतले. शेवटी न राहवून स्वतः खाली बसले आणि ओल्या सिमेंटची कड अंगठ्याने गोल फिरवली. घरातल्या न्हाणीघराचे कोपरेही त्यांनी असेच फिरवले होते.

पुढच्या वर्षी एका दुपारी जमीन हलली. घरोघरी फडताळातली भांडी पडली, एवढंच. पण पुलाच्या त्या चार खांबांचे पाये तडकले, खांब कलले आणि दोन खांबांमधला वरचा रस्ता, एक अख्खा गाळा, कोसळला. खाली सावलीत पंक्चर काढत बसणाऱ्या सायकलवाल्याचा पाय गेला.

ताई आली. ढिगाऱ्यात गुडघे टेकून तिने कवचाखाली हात घातला. बोटं सिमेंटवर आपटली. मग तिला ती गोल कड लागली, न्हाणीघराच्या कोपऱ्यांसारखी, आणि ती उठून तडक घरी गेली.

"बाबा, फट कुणी भरली?"

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "कवच पायाला टेकायलाच हवं."

"चौकशी समितीपुढे सांगाल हे? माझी सही आहे त्या कामावर."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आईच तिला बाजूला घेऊन म्हणाली, "या वयात त्यांना चव्हाट्यावर आणणार आहेस का? तुला नवरा आहे, दुसरी नोकरीही मिळेल. त्यांच्याकडे त्या पुलाशिवाय आहे काय?"

"आणि माझ्याकडे, आई?"

आई पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

समितीपुढे मुकादम म्हणाला, "ताईंनी सांगितलं तसंच केलं." बाबांना जुने जाणकार म्हणून मानाने बोलावलं होतं. ते म्हणाले, "हे नवे प्रकार मला कळत नाहीत. माझे खांब तीस वर्षं शाबूत होते." लेकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताईची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फट माझ्यामागे बुजवली. कुणी, ते मी सांगणार नाही." सगळ्यांना ती सबब वाटली.

ताईची नोकरी गेली. पुढे तिने शिकवण्या घेतल्या. मुलांना भूमिती शिकवायची, पुलाचं नाव काढायची नाही. मुकादम मुलाकडे राहायला गेला. ताई रस्त्यात दिसली की पलीकडच्या कडेने जायचा. सायकलवाल्याने कुबडी घेऊन पुलाच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटलं. ताईच्या सायकलची हवा गेली तर तो भरून द्यायचा; ती कोण हे त्याला कधी कळलं नाही. आई, बाबांच्या आधी गेली. बाबा झोपेतच गेले, त्या फटीबद्दल शेवटपर्यंत एक अक्षर न बोलता. शोकसभेत सगळे म्हणाले, माणूस कामाला पक्का.

पूल पुन्हा बांधला, खांबांना तशीच कवचं चढवली आणि पुलाला बाबांचं नाव दिलं. ताई गर्दी ओसरल्यावर गेली. पाटी तिने वाचली नाही. वाकून एका खांबाच्या कवचाखाली हात घातला. दोन बोटं सहज आत गेली.