व्याही गेटवर अडले

आमची लेक मिनल नोकरीला बंगळूरला गेली आणि तिच्या खोलीबरोबर माझा दिवसही रिकामा झाला. नवरा, विलास, शिफ्टला गेला की बोलायला चिटपाखरू नाही. म्हणून मी ठरवलं, चाकणच्या कंपन्यांत आठ-दहा दिवसांच्या कामाला येणाऱ्यांना ती खोली द्यायची. घरचं जेवण, चार गप्पा. पण पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत नियम असा, की बाहेरचा माणूस मुक्कामाला ठेवायचा तर अध्यक्षांची सही हवी.

अध्यक्ष उद्धवराव. मी पोलिस पडताळणीचा दाखला नेला, खोलीच्या नोंदणीचा कागद नेला. "बघू, आम्रपालीताई," म्हणत त्यांनी मला नुसतं झुलवलं. चहाला बोलावलं तरी दारातूनच वळायचे, कायम घाईत. वर वॉचमन कोंडाजीला दम दिला, "माझ्या सहीशिवाय कुणी बॅग घेऊन आत आला, तर तुझी नोकरी गेली." माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

रविवारी भाजी घेऊन परतले, तर गेटवर जत्रा! दोन जीप, बॅगा, फेटे, रडणारी पोरं आणि सगळ्यांसमोर हात आडवे करून उभा कोंडाजी.

"अरे बाबा, उद्धवरावांच्या करिष्माची होणारी सासू मी!" एक भारदस्त बाई ओरडत होत्या.

"समदे असंच सांगत्यात," कोंडाजी म्हणाला. "सायबांची सही दावा."

साहेब मिठाई आणायला गेलेले, फोन लागेना. घरच्या बायका पार्लरमध्ये. करिष्माच्या साखरपुड्याला येणारे व्याही परभणीहून वेळेआधी पोचले होते, तेही निम्मं गाव घेऊन.

"चला माघारी!" विहीणबाई कडाडल्या.

मला हसू आवरेना. पण पोरं उन्हात होरपळत होती. भाजीची पिशवी कोंडाजीच्या खुर्चीवर टाकून धावत वर गेले, मोठ्या पातेल्यात चहा टाकला, पोरांसाठी सरबत केलं आणि सगळं गेटवरच आणलं. कोंडाजीलाही कप दिला. दुसऱ्या घोटाला विहीणबाई निवळल्या.

तेवढ्यात उद्धवराव आले. कोंडाजीने कडक सॅल्यूट ठोकला. "सायेब, एकालाबी आत सोडलं न्हाई!"

उद्धवरावांचा चेहरा असा पडला, की मिठाईचा खोकाच मला धरावा लागला.

"आणि एवढी माणसं झोपणार कुठं?" विहीणबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे खोली आहे," मी म्हणाले. "पण परवानगी नाही."

"मग द्या की परवानगी!"

मुलीचा बाप विहिणीला नाही म्हणणार कसा? माझा अर्ज भाजीच्या पिशवीत होताच, कोथिंबिरीखाली. जीपच्या बॉनेटवर ठेवून उद्धवरावांनी सही केली. कायमची परवानगी, शिक्क्यासकट!

संध्याकाळी माझ्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिनलच्या पलंगावर पोरं उड्या मारत होती, स्वयंपाकघरात तिघी कांदा चिरत होत्या. मला इतका आनंद झाला, की कांद्याचं निमित्त करून डोळे पुसून घेतले.

बेल वाजली. दारात उद्धवराव, व्याह्यांना भेटायला आलेले.

"सही आणलीत?" मी विचारलं.

घरभर हशा पिकला. विहीणबाईंनी त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि माझ्या चहाचा कप पुढे केला. उद्धवराव थोडे घुटमळले. मग प्यायले, पार तळापर्यंत.

"आलं जरा कमी पडलंय, ताई," ते म्हणाले आणि कप पुन्हा पुढे केला.